दहास एक

१३ जून १९३५ ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, लाँग आयलंड सिटीमध्ये, एक भलंमोठं उघडं मैदान होतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डन बोल हे त्याचं नाव. त्या रात्री तिथे मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटातल्या जगज्जेतेपदाची लढत व्हायची होती. एका बाजूला जगज्जेता मॅक्स बेअर. वय २६, उंची सहा फुटांच्या वर, आणि खांदे असे की शिंप्यानं माप घेताना दोनदा विचार करावा. दुसऱ्या बाजूला जेम्स ब्रॅडॉक. आठवड्यापूर्वीच तिशी पूर्ण झालेला, बेअरपेक्षा पंधरा-सोळा पौंडांनी हलका, वीसहून अधिक लढती हरलेला आणि नुकताच सरकारी मदतीच्या रांगेतून बाहेर पडलेला. बुकींचा भाव होता दहास एक.

ज्या घरात कधी रेसचं पुस्तक आलं नाही, त्या घरातल्या वाचकांसाठी हा भाव जरा उलगडून सांगायला हवा. दहास एक म्हणजे बेअरवर दहा डॉलर लावायचे. तो जिंकला तर आपले दहा परत आणि वर एक डॉलर नफा. तो हरला तर दहाच्या दहा गेले. उलट ब्रॅडॉकवर एक डॉलर लावणाऱ्याला, तो जिंकलाच तर, दहाच्या आसपास मिळणार. आसपास म्हणायचं कारण असं की बुकी मधल्या मध्ये आपली कात्री चालवतोच. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ज्याला फेव्हरिट म्हणतात तो हाच. सगळ्यांची पसंती त्याच्यावर, म्हणून भाव पडलेला आणि नफा चिमूटभर.

आता हिशेब पाहा. असे अकरा फेव्हरिट घ्या. दहा जिंकले आणि एक हरला, तर दहा डॉलर मिळाले आणि दहा गेले. हाती शून्य. म्हणजे या धंद्यात नुसतं टिकून राहायचं असेल तरी शंभरातले एक्क्याण्णव वेळा तुमचा अंदाज बरोबर यायला हवा. एवढा बिनचूक अंदाज आपल्याला स्वतःच्या मुलांबद्दलही बांधता येत नाही. तरीसुद्धा माणसं अशा भावात पैसे लावतात, कारण लावताना त्यांच्या डोळ्यांसमोर अकरावी लढत नसते. समोर असते ती आजची, आणि आजचा बेअर काही हरत नाही.

मी आयुष्याची पस्तीसेक वर्षं बँकेत काढली. तिथे आम्ही पैज हा शब्द उच्चारत नसू, पण आमचा धंदा याच जातीचा. चांगल्या पार्टीला शंभर रुपये कर्ज द्यायचं, सगळे खर्च जाऊन त्यात बँकेला सुटणार दोन-अडीच रुपये. एक शंभराचं कर्ज पुरतं बुडालं की चाळीस सरळ खात्यांची कमाई त्यात वाहून जाते. फरक इतकाच की आमच्याकडे तारण असतं, जामीनदार असतो, कोर्ट असतं. बेअरवर पैसे लावणाऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे ब्रॅडॉकची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं लक्ष ठोशांपेक्षा भावाकडेच जास्त गेलं. इतक्या माणसांनी, इतकी माहिती हाताशी असताना, या माणसाची किंमत एवढी कमी का लावली?

जेम्स वॉल्टर ब्रॅडॉक ७ जून १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीत जन्मला. आईवडील आयरिश. कुटुंब पुढे हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं आणि जेम्सचं सगळं आयुष्य मग त्या काठाशीच बांधलं गेलं. शिक्षणात फारसं लक्ष नव्हतं, हात मात्र चालत होते. जेम्स कॉर्बेट आणि जेम्स जेफ्रीज या जुन्या जगज्जेत्यांच्या नावांशी जुळावं म्हणून त्याच्या नावातल्या वॉल्टरची जागा जे या अक्षरानं घेतली आणि तो जेम्स जे. ब्रॅडॉक झाला. १९२६ मध्ये तो पैसे घेऊन लढू लागला. ज्यो गूल्ड नावाचा बुटका, बोलघेवडा माणूस त्याचा मॅनेजर. ही जोडी शेवटपर्यंत टिकली, आणि या कथेत गूल्डची जागा ब्रॅडॉकच्या डाव्या हाताइतकीच मोठी आहे. त्या डाव्या हाताकडे आपण येऊच.

सुरुवातीला सगळं भांडवल उजव्या हातात होतं. १९२८ च्या नोव्हेंबरात टफी ग्रिफिथ्स नावाचा लांबलचक विजयमालिका घेऊन आलेला खेळाडू न्यूयॉर्कला उतरला. पसंती अर्थातच त्याला. ब्रॅडॉकनं त्याला दुसऱ्या फेरीत गारद केलं. म्हणजे फेव्हरिटवाल्यांचे पैसे बुडवण्याची या माणसाला तेव्हापासूनच सवय होती म्हणायची. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९२९ रोजी, यांकी स्टेडियममध्ये लाइट हेवीवेट गटाच्या जगज्जेतेपदासाठी तो टॉमी लॉफ्रनपुढे उभा राहिला. लॉफ्रन कमालीचा चपळ आणि डोक्यानं खेळणारा. पंधरा फेऱ्या ब्रॅडॉकचा उजवा हात हवेत फिरत राहिला आणि गुणांवर तो स्वच्छ हरला.

तिथून घसरगुंडी लागली. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्यामागून महामंदी आली. ब्रॅडॉकनं लढतींतून साठवलेला पैसा त्यात गेला. १९३० च्या जानेवारीत त्यानं मे फॉक्स या मुलीशी लग्न केलं, लागोपाठ तीन मुलं झाली. घर वाढत होतं आणि उजवा हात मोडत होता. मोडलेला हात नीट जुळायच्या आत पुढची लढत घ्यावी लागे, कारण लढलं नाही तर घरी चूल पेटायची नाही. त्यामुळे हात पुन्हा मोडे. या चार वर्षांत तो जिंकला त्याहून जास्त लढती हरला. २५ सप्टेंबर १९३३ रोजी माउंट व्हर्नन इथे एब फेल्डमनशी लढताना हात पुन्हा गेला. लढत इतकी रटाळ झाली की पंचांनी ती मध्येच रद्द केली आणि मानधनही रोखलं गेलं. मुष्टियोद्धा म्हणून त्याचं खातं तिथे बंद झालं. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

मग तो हडसनच्या काठावर गोदीत हमालीला जाऊ लागला. कामाची खात्री नव्हतीच. सकाळी जायचं, मुकादमानं निवडलं तर दिवस भरला, नाही तर तसंच परत. काम मिळेल तिथे मैलोन्‌मैल पायी जायचं. घरभाडं थकलं, दूधवाल्याची उधारी चढली. शेवटी या माणसानं, ज्याचं चित्र चार वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत छापून येत होतं, सरकारी मदत कार्यालयात जाऊन नाव नोंदवलं. त्या काळच्या अमेरिकेत लाखो कुटुंबं त्या रांगेत होती, तरी आयरिश कष्टकरी घरात ती गोष्ट मान खाली घालायला लावणारीच होती.

आमच्या माथाडी कामगारांच्या हातात पोती ओढायला लोखंडी आकडा असतो, तुम्ही मशीद बंदरला किंवा वाशीच्या बाजारात पाहिला असेल. तसाच आकडा गोदीत ब्रॅडॉकच्या हातात आला. उजवा हात दुखावलेला, म्हणून तो डाव्यानं ओढायचा. महिनोन्‌महिने, दिवसभर, डाव्या हातानं. मुष्टियुद्धात तोवर त्याचा डावा हात म्हणजे नुसता सोबती होता. सगळे ठोसे उजव्याचे. आणि उजवा, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, सक्तीच्या विश्रांतीत बरा होत होता. त्याच्या नावावर जी कारकीर्द नोंदलेली होती, तिच्यात यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. नोंदीत होते फक्त पराभव.

१४ जून १९३४. त्याच लाँग आयलंड सिटीच्या मैदानावर मॅक्स बेअर आणि इटलीचा राक्षसी देहाचा प्रिमो कार्नेरा यांची जगज्जेतेपदाची लढत होती. मुख्य लढतीआधी छोट्या लढती असतात. त्यातल्या एकीत कॉर्न ग्रिफिन नावाच्या उगवत्या खेळाडूला लोकांसमोर चमकवायचं होतं. त्यासाठी कुणीतरी नाव असलेला पण दम नसलेला माणूस हवा होता. दोन दिवस आधी गूल्डनं ब्रॅडॉकचं नाव सरकवलं. मानधन २५० डॉलर. सराव शून्य, गोदीतली हमाली एवढाच व्यायाम. दुसऱ्या फेरीत ग्रिफिननं त्याला खाली पाडलं. तिसऱ्या फेरीत ब्रॅडॉकनं ग्रिफिनची अशी अवस्था केली की पंचांना लढत थांबवावी लागली.

लोक म्हणाले, नशीब. नोव्हेंबरात जॉन हेन्री लुईस समोर आला. हा तरुण पुढच्याच वर्षी लाइट हेवीवेटचा जगज्जेता होणार होता. पारडं त्याचंच जड होतं. दहा फेऱ्यांनंतर ब्रॅडॉक गुणांवर जिंकला. २२ मार्च १९३५ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्ट लास्की. तोही वरचढ मानलेला, जगज्जेत्याला आव्हान द्यायला तोच जाणार असं धरलेलं. पंधरा फेऱ्या, पुन्हा ब्रॅडॉक. नऊ महिन्यांत तीन वेळा बाजारानं या माणसाविरुद्ध कौल दिला आणि तिन्ही वेळा बाजार चुकला. चौथ्या वेळी बाजारानं काय करावं? भाव आणखी वाढवला.

इथे मी थबकतो. एखाद्या कर्जदाराचे तीन हप्ते वेळेवर आले तर कुठलाही शाखाधिकारी त्याचं वर्गीकरण निदान पुन्हा तपासतो. पण बुकी आणि पैसे लावणारे ब्रॅडॉककडे पाहतच नव्हते. ते पाहत होते बेअरकडे. आणि बेअर होताही तसाच. त्याचा उजव्या हाताचा ठोसा त्या काळातला सगळ्यांत भयंकर मानला जाई. १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याशी लढलेला फ्रँकी कॅम्पबेल डोक्याला लागलेल्या मारानं दगावला होता. १९३३ मध्ये त्यानं जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला झोपवलं, १९३४ मध्ये अवाढव्य कार्नेराला पुन:पुन्हा जमिनीवर आणून अकराव्या फेरीत संपवलं. असा माणूस एका हमालाकडून हरेल कसा? हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआपच दहास एक येतं.

बेअरबद्दल एक सांगायला हवं. २००५ मध्ये ब्रॅडॉकवर हॉलिवूडचा एक गाजलेला चित्रपट आला, त्यात बेअरला क्रूर खलनायक रंगवलंय. ते खरं नाही. कॅम्पबेलच्या मृत्यूनं तो आतून हादरला होता आणि त्या कुटुंबाला त्यानं पैशांची मदतही केली. स्वभावानं तो विदूषक. लोकांना हसवावं, सिनेमात काम करावं, मैत्रिणींबरोबर हिंडावं. सरावाचा त्याला मनस्वी कंटाळा. ब्रॅडॉकशी लढायचं म्हणून त्यानं सराव जेमतेमच केला. तोही दहास एकच्या भावानं चालत होता, असंच म्हणा ना. एवढ्या स्वस्तात हरणाऱ्या माणसासाठी कुणी घाम का गाळावा? भाव नुसता अंदाज सांगत नाही, तो फेव्हरिटच्या कानातही जाऊन बसतो.

आणखी एक गंमत. या मैदानाला लोक अपशकुनी म्हणू लागले होते. १९३२ च्या जूनमध्ये इथेच श्मेलिंगनं शार्कीकडून जगज्जेतेपद गमावलं. १९३३ च्या जूनमध्ये इथेच शार्कीनं ते कार्नेराकडे दिलं, १९३४ च्या जूनमध्ये कार्नेरानं बेअरकडे. शकुन-अपशकुनावर माझा विश्वास नाही. कार्नेराच्या मागे तर गुंडांच्या टोळ्या होत्या आणि त्याच्या कित्येक लढती आधीच ठरवलेल्या होत्या अशी दाट वदंता होती. पण तीन वर्षं ओळीनं जगज्जेता हरत असताना चौथ्या जगज्जेत्यावर दहास एकचा भाव, हे जरा जास्तच झालं.

लढत पंधरा फेऱ्यांची होती. पहिल्या फेरीपासून ब्रॅडॉकचा डावा हात बेअरच्या तोंडावर येत राहिला. फार जोरदार नाही, पण सतत. बेअर हसला, लागल्यासारखं करून गुडघ्यांत वाकून दाखवलं, प्रेक्षकांशी चेष्टा केली. फेऱ्या जात राहिल्या. अधूनमधून त्याचा उजवा सुटे आणि ब्रॅडॉकच्या जबड्यावर बसे, आणि सगळं मैदान आता हा पडणार म्हणून उठून उभं राही. ब्रॅडॉक पडला नाही. सरकून पुन्हा डावा हात पुढे. दहाव्या-बाराव्या फेरीपर्यंत बेअरच्या लक्षात आलं असावं की ही मस्करी आपल्या अंगाशी येते आहे. तेव्हा उशीर झाला होता. निकाल एकमुखी लागला. घरोघर रेडिओ कानाशी लावून बसलेल्या मंदीतल्या अमेरिकेनं ऐकलं की जगज्जेता जेम्स ब्रॅडॉक.

सिंड्रेला मॅन हे नाव त्याला दिलं डेमन रन्यननं. ब्रॉडवेवरच्या जुगाऱ्यांच्या आणि बुकींच्या कथा लिहिणारा हा पत्रकार. पैजेच्या जगाचा त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता, आणि त्यालासुद्धा या निकालाला परीकथेचंच नाव द्यावंसं वाटलं. मला हे नाव तितकंसं पटत नाही. सिंड्रेलाला परी भेटली होती. ब्रॅडॉकला गोदीतला आकडा भेटला.

सरकारी मदतीचं काय झालं, ते इथेच सांगतो. १९३५ मध्ये हातात जरा पैसा येताच तो त्याच कार्यालयात गेला आणि घेतलेली सगळी रक्कम परत केली. ती परत करण्याची कुठलीही अट नव्हती. मदत होती ती, कर्ज नव्हतं. वसुलीच्या खात्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो, ही नोंद वाचली तेव्हा मी चष्मा काढून ठेवला होता.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट आहे. मध्य मुंबईतली शाखा. १९८२ चा गिरणी संप होऊन गेला होता, पण त्याची माणसं अजून रस्त्यावर होती. एक गिरणी कामगार माझ्या टेबलाशी आला. वडापावच्या गाडीसाठी थोडं कर्ज हवं होतं. मी कागद पाहिले. पतपेढीची थकबाकी, खोलीच्या भाड्याची थकबाकी, वर्षभर पगार नाही. मी नाही म्हटलं. कागदांवर दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतंच, आजही मला तसंच वाटतं. संपाच्या त्या काळात घर कसं चाललं, हे मी त्याला विचारलं नाही. त्याच महिन्यात एका कापड व्यापाऱ्याची लिमिट वाढवायची शिफारस मी केली. सगळी पेठ त्याच्या नावानं शपथ घेत होती. ते खातं दीड वर्षात बुडालं आणि त्याच्या चौकशीत माझी दोन वर्षांची बढती गेली. व्यापाऱ्याची चूक कागदावर राहिली, तिची चौकशी झाली, मला खुलासा लिहावा लागला. गाडी मागायला आलेल्या त्या माणसाचं पुढे काय झालं, ते कळायचा मला काही मार्ग नव्हता. नाकारलेल्या माणसाचं खातंच उघडत नाही.

अर्थात एका ब्रॅडॉकवरून फेव्हरिटवर पैसे लावणारे सगळे मूर्ख, असं ठरवणं बरोबर नाही. १९४९ मध्ये एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं घोड्यांच्या शर्यतींचे भाव तपासले, तेव्हा उलटंच दिसलं. लोक आशेपायी लंगड्या घोड्यांवर वाजवीपेक्षा जास्त पैसे लावत होते आणि फेव्हरिटवर जरा कमीच. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला नव्याचा लोभ असतो, हे आपण मुंबईत गल्लीगल्लीत पाहिलंय. फेव्हरिट बहुतेक वेळा जिंकतोच. तो बहुतेक वेळा जिंकतो म्हणूनच तर दुसऱ्या माणसाकडे बघायची सवय सुटते. ब्रॅडॉकच्या लढतीनंतर वर्षभरातच, १९ जून १९३६ ला, अमेरिकेचा लाडका, तोवर अजिंक्य असलेला ज्यो लुई श्मेलिंगसमोर उभा राहिला. भाव पुन्हा तसाच एकतर्फी. श्मेलिंगनं लुईच्या लढतींच्या फिल्म पाहून एक गोष्ट हेरली होती. डावा ठोसा मारल्यावर लुईचा डावा हात किंचित खाली राहतो. त्या फटीतून त्यानं आपला उजवा हात बारा फेऱ्या घातला आणि लुईला आडवा केला. ती फिल्म पाहायची कुणालाच बंदी नव्हती. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसनं माइक टायसनला पाडलं, तेव्हा भाव होता बेचाळीसास एक. म्हणजे पंचावन्न वर्षांत बाजार आणखीच निर्धास्त झालेला.

आता ब्रॅडॉकच्या कथेतला मला सगळ्यांत आवडणारा भाग. जगज्जेता होऊन तो दोन वर्षं किताबासाठी लढलाच नाही. नियमानं पाहता पुढचं आव्हान श्मेलिंगचं होतं, पण तो हिटलरच्या जर्मनीतून येणारा. त्याच्या लढतीवर बहिष्काराची धमकी होती आणि किताब जर्मनीला गेला तर परत मिळेल याची खात्री नव्हती. शिवाय पैसा होता तो ज्यो लुईच्या नावात. ३ जून १९३७ ही श्मेलिंगशी लढायची ठरलेली तारीख. श्मेलिंग बिचारा वजन करून घ्यायला हजर झाला, समोर कुणीच नाही. गूल्डनं लुईशी करार केला होता.

करार असा. लुई विरुद्ध ब्रॅडॉक लढत होईल. ब्रॅडॉक जिंकला तर प्रश्नच नाही. पण लुई जिंकला, तर लुईच्या लढती भरवणाऱ्या माइक जेकब्सला त्यातून जो निव्वळ नफा होईल, त्याचा दहा टक्के वाटा पुढची दहा वर्षं ब्रॅडॉककडे. मी हे वाचलं तेव्हा हसूच आलं. ज्या माणसानं दहास एकच्या भावाला जन्मभराचा धडा शिकवला, त्याच्या मॅनेजरनं त्याच्याच वतीनं बाजारातल्या सगळ्यांत मोठ्या फेव्हरिटवर दहा वर्षांचा डाव टाकला होता. तोही स्वतःचं काही न लावता! गूल्डला दोन्ही गोष्टी कळत होत्या. फेव्हरिटचा भाव एका रात्रीसाठी घ्यायचा नसतो, आणि घ्यायचाच तर आपल्या खिशातून नाही.

२२ जून १९३७, शिकागोचं कोमिस्की पार्क. पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकनं लुईला खाली पाडलं. क्षणभर पुन्हा तेच घडणार असं वाटलं. पण लुई उठला आणि मग आठव्या फेरीपर्यंत तो ब्रॅडॉकला सोलत राहिला. ओठ फाटला, चेहरा ओळखू येईना. गूल्डला लढत थांबवायची होती, ब्रॅडॉकनं थांबवू दिली नाही. आठव्या फेरीत तो तोंडावर पडला आणि उठला नाही. हेवीवेटचा किताब १९१५ नंतर पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय खेळाडूकडे गेला. त्याआधी कित्येक गोऱ्या जगज्जेत्यांनी कातडीचा रंग पाहून आव्हान टाळलं होतं, ब्रॅडॉकनं टाळलं नाही. त्यात दहा टक्क्यांचा वाटा किती आणि मोठेपणाचा किती, हे वेगळं काढत बसू नये. लुई पुढे १९४९ पर्यंत जगज्जेता राहिला, पंचवीस वेळा किताब राखला. करारातले पैसे येत राहिले.

ब्रॅडॉक एकदाच आणखी लढला. २१ जानेवारी १९३८ ला वेल्सच्या टॉमी फारला त्यानं निसटत्या गुणांवर हरवलं आणि हातमोजे काढून ठेवले. जिंकून थांबणं त्याला जमलं, जे बहुतेकांना जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात अधिकारी झाला, पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर होता. परत आल्यावर जहाजांच्या जुन्या सामानाचा आणि अवजड यंत्रांचा व्यवसाय केला. १९६० नंतर न्यूयॉर्कच्या तोंडाशी व्हेराझानो नॅरोज हा प्रचंड पूल बांधला गेला, त्यावरही तो काम करत होता. पन्नाशी उलटलेला जगज्जेता पुन्हा पाण्याकाठी, लोखंडाच्या सामानात.

मॅक्स बेअर १९५९ मध्ये हृदयविकारानं गेला, वय अवघं ५०. ब्रॅडॉकनं न्यू जर्सीतल्या नॉर्थ बर्गनमध्ये किताबाच्या पैशांतून एक घर घेतलं होतं. बायको आणि तीन मुलांसह तो त्याच घरात राहिला. ज्या गोदीत त्यानं हमाली केली, ती तिथून फार लांब नाही. २९ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्याच घरात झोपेत तो गेला. जवळच्या मोठ्या बागेला त्याचं नाव आहे, आणि २०१८ पासून तिथे त्याचा पुतळाही उभा आहे.